पिशवीभर नितळ पाणी

फोटोवालीने नवे दिवे घरी आणले, तेव्हा सासूबाईंनी आधी दिव्यांकडे पाहिलं आणि मग सुनेकडे.

"पाण्याखाली नाटकाचा प्रयोग आहे का गं कुणाचा?" त्यांनी विचारलं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. एकेक दिवा माणसाच्या डोक्याएवढा होता. दोन्ही बाजूंना ते लावले की मधला कॅमेरा बिचारा दिसेनासाच व्हायचा. "ताई, यांच्यापुढे अंधाराची काय बिशाद!" असं दुकानदार म्हणाला होता. तो बोलायला गोड आणि ही मनातून घाबरलेली. घाबरलेलं गिऱ्हाईक नेहमी मोठीच वस्तू उचलतं, हे दुकानदारांना जन्मतः ठाऊक असतं.

घाबरायचं कारण असं. फेरीबोटीचा धक्का हलायला लागला होता. बोट लागली की फळ्यांतून एक कुरकुर यायची आणि उतरणारी माणसं एकमेकांचे हात धरायची. बंदराच्या ऑफिसातल्या साहेबांनी फोटोवालीला बोलावून सांगितलं, पाण्याखाली जा, खांबांच्या प्रत्येक सांध्याचा स्वच्छ फोटो आणा. आणि ते सांधे जोडले होते तिच्या सासऱ्यांनी.

बाबा पाण्याखालचे वेल्डर होते. तरुणपणी पितळी टोप डोक्यावर चढवून ते खाली उतरत आणि खांबाला खांब जोडून वर येत. हल्ली गुडघे धरून उठायचे, पण संध्याकाळी धक्क्यावर चक्कर मारल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. धक्का हलतोय म्हटल्यावर लोकांचं तोंड कोण धरणार? "म्हाताऱ्याचं वेल्डिंग गेलं," असं कुणीतरी तिकिटाच्या खिडकीपाशी बोललं, आणि ते बाबांनी ऐकलं. त्या दिवसापासून चक्कर बंद झाली. चपला दाराशी तशाच पडून राहू लागल्या.

फोटोवालीने साहेबांना सरळ सांगून टाकलं होतं, "ते माझे सासरे आहेत. दुसऱ्या कुणाला पाठवा."

"दुसरा कोण आहे?" साहेब म्हणाले. "आणि फोटोला कुठे कळतं कोण कुणाची सून ते?"

आता ही फोटोवाली पाण्यात आली कशी, ते सांगायला हवं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं ती लोकांच्या लग्नांचेच फोटो काढत असे. हसा, मान वर करा, काकांना मधे घ्या, हे बोलून बोलून तिचा घसा बसला होता आणि मनही. एकदा एका पाणबुड्याने वर आणलेला जहाजाच्या पंख्याचा फोटो तिने पाहिला आणि हट्टच धरला, की मला हे शिकायचंय. घरात गहजब झाला. नवरा तर आंघोळीच्या पाण्यालाही घाबरणारा. सासूबाई म्हणाल्या, बायकांचं काम आहे का हे? तेव्हा बाबा पेपर बाजूला ठेवून एवढंच बोलले, "आत कोण उतरलंय ते पाणी विचारत नाही. श्वास नीट घेतोय की नाही, तेवढंच बघतं."

झालं. त्यापुढे घरात कुणाचं काही चाललं नाही.

शिकवलंही त्यांनीच. कॅमेरा पाण्यात न्यायचा म्हणजे त्याला आधी एका घट्ट पेटीत बसवायचं. त्या पेटीच्या झाकणाला एक रबराची रिंग असते. तिच्यावर एक केस बसला, वाळूचा एक कण राहिला, की पाणी आत शिरलंच म्हणून समजा. फोटोवाली ती रिंग दिव्याखाली धरून डोळे बारीक करून तपासायची. बाबांनी तिच्या हातून ती काढून घेतली होती. "डोळे फसवतात. डोळे मीट आणि बोटांनी बघ." तिने डोळे मिटून रिंग चिमटीतून हळूहळू फिरवली, आणि दिव्याखाली न दिसलेला केस बोटाला लागला. त्या दिवसापासून तिच्या कॅमेऱ्यात पाण्याचा थेंब गेला नव्हता. मैत्रिणींना ती सांगायची, मला पोटापाण्याला सासऱ्यांनी लावलंय, शब्दशः.

अशा माणसाचं काम तपासायला जायचं होतं. म्हणून ते डोक्याएवढे दिवे.

ती दिवे घेऊन उतरली. वर तिची दोरी धरायला नेहमीचा दोरवाला होता. खाली पाणी म्हणजे नुसता गढूळ काढा, पसरलेला हात कोपरापासून पुढे दिसेना. खांब हाताला लागला, तिने त्यावरचं शेवाळ खरवडलं, कॅमेरा रोखला आणि दोन्ही दिवे पूर्ण जोरात लावले. समोर पांढरंफेक. बटण दाबून दाबून अंगठा दुखला. वर येऊन पडद्यावर पाहिलं, तर प्रत्येक फोटोत हिमवादळ. खांब नाही, सांधा नाही. पांढरे ठिपके आणि त्यांच्यामागे आणखी पांढरे ठिपके.

घरी ती तोंड पाडून बसली. बाबांनी न विचारता कॅमेरा उचलला, एकेक चित्र पाहिलं, आणि कित्येक दिवसांनी मोठ्याने हसले.

"धुक्यात गाडीचा मोठा दिवा लावून कुणाला रस्ता दिसलाय का?"

"उजेड कमी पडेल असं वाटलं मला."

"उजेड जास्त झाला! तू नवरीच्या तोंडावर मारतेस तसा समोरून मारलास. तुझ्यात आणि लोखंडात जेवढा गाळ तरंगतोय, तो सगळा उजळला. बिचाऱ्या गाळाचे इतके छान फोटो आजवर कुणी काढले नसतील."

मग ते पुढे सरकून बसले. दिवे लहान घे, म्हणाले. कॅमेऱ्यापासून लांब, दोन्ही बाजूंनी आडवे धर. आणि जवळ जा, अगदी नाक लागेल इतकं जवळ, म्हणजे मधे पाणीच कमी राहील. त्यासाठी रुंद दिसणारं भिंग हवं, ते तुझ्याकडे आहेच.

"तरी इतकं गढूळ आहे बाबा, की नाक लावलं तरी दिसणार नाही."

"मग आपलं पाणी घेऊन जा."

तिला कळेना.

"आमच्या वेळी काम तपासायला एक पाणबुडा यायचा. जाड पारदर्शक पिशवीत स्वच्छ पाणी भरायचा. टोपाच्या काचेवर एका बाजूने पिशवी दाबायची, दुसऱ्या बाजूने ती सांध्याला टेकवायची. गढूळ पाणी बाजूला, मधे आपलं नितळ पाणी. सगळं स्वच्छ दिसायचं म्हणे."

"म्हणे? तुम्ही नाही पाहिलंत?"

"मी कसं बघणार? एका हातात वेल्डिंगची कांडी, दुसऱ्या हाताने खांबाला धरलेलं. पिशवी धरायला तिसरा हात कुठून आणू? ठिणगी पडली की चार बोटं हिरवट उजेड दिसायचा, तेवढाच. काम झालं की हाताने चाचपायचं, दोरी ओढायची आणि वर यायचं."

"म्हणजे तुम्ही जोडलेले सांधे..."

"बोटांनी ओळखतो सगळे," बाबा सहज म्हणाले आणि चष्मा शोधू लागले. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता.

फोटोवाली त्या रात्री अंथरुणात याचाच विचार करत राहिली. या माणसाने जन्मभर जे केलं, ते त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. आणि आता ते पहिल्यांदा बघायची वेळ आली होती, ती ते बिघडलंय का हे शोधताना.

मोठे दिवे दुकानात परत गेले. दुकानदाराचा चेहरा विझलेल्या दिव्यासारखा झाला. जुने छोटे दिवे तिने लांब दांड्यांवर चढवले आणि न्हाणीघरातल्या मोठ्या बादलीत पीठ कालवून गढूळ पाणी केलं. तळाला टाकली कपाटाची किल्ली. पिशवीत गाळलेलं पाणी भरताना बाबांनी एकेक बुडबुडा दाबून बाहेर काढला. हवा राहिली की ती चकाकते आणि फोटो नासवते, म्हणाले. दिव्यांची तोंडं पिशवीच्या कडांना टेकवली, उजेडही नितळ पाण्यातूनच जावा म्हणून. फोटो काढला. किल्लीवरचा आकडासुद्धा वाचता आला.

"आज बादलीत कॅमेरा, उद्या टीव्ही बुडवा," सासूबाई दारातून म्हणाल्या. पण किल्लीचा फोटो त्यांनी दोनदा पाहिला.

दुसऱ्यांदा ती खाली गेली, तेव्हा उशीएवढी पिशवी छातीशी धरून गेली. पहिला सांधा खरवडला, पिशवी टेकवली, तिरके दिवे लावले. आणि गढुळात एक खिडकी उघडावी तसं समोर लोखंड दिसलं. सांध्यावर एकावर एक लहान लहान वळ्या होत्या, सारख्या, दाट, एकाच हाताने घातलेल्या टाक्यांसारख्या. पाण्याखाली माणसाला रडता येत नाही, मुखवट्याची काच धूसर होते. म्हणून ती नुसतीच थांबली आणि मनात म्हणाली, बाबा, काय हात होता हो तुमचा.

दुसरा खांब तसाच. तिसराही. शेवटच्या खांबावर पिशवी टेकवली. त्या सुबक वळ्यांमधून एक काळी रेघ वीतभर गेली होती. सांधा सुटला होता.

तिने डोळे मिटून हातमोज्यातल्या बोटाने ती रेघ चाचपली. खोटी असती तर किती बरं झालं असतं. मग डोळे उघडले, दिवे नीट केले आणि तिचे फोटो इतर सगळ्यांपेक्षा जास्त काळजीने काढले.

धक्क्यावर साहेबांनी पडद्यावरची रेघ पाहिली, फेरीबोटवाल्याला हाताने खूण केली आणि सांधा पुन्हा जोडायला एका नव्या वेल्डरला फोन लावला. दुपारची फेरी रद्द झाली. उभी असलेली माणसं, शाळेची पोरं, भाजीच्या टोपल्या, सगळं मागे फिरलं. फोटोवालीने ओल्या केसांनीच घर गाठलं. ही बातमी बाबांना तिकिटाच्या खिडकीतून कळायला नको होती. वाटेत फोटोच्या दुकानात थांबून तिने मोठ्या कागदावर फोटो तेवढे छापून घेतले.

बाबा खिडकीशी बसले होते. त्या खिडकीचे गज त्यांनीच जोडलेले, आणि चांगलेच वाकडे.

"सांग," ते म्हणाले.

तिने आधी तो काळ्या रेघेचा फोटो दिला. मागे ठेवून काय होणार होतं? बाबांनी तो उजेडाकडे धरला.

"गेलाय," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"बोट?"

"बंद केली. दुपारचीच."

"माणसं?"

"सगळी परत गेली. कुणाला काही झालं नाही."

बाबांनी इतका मोठा श्वास सोडला की हातातला कागद हलला. "बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं गं पोरी. समुद्रानेच खाल्लाय तो, पण जोडलेला माझाच होता. पोरं जातात त्या बोटीने. तुझ्या डोळ्याला दिसलं, फार उपकार झाले." असले शब्द या घरात कुणी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. सासूबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"बाबा, बाकीचे बघा ना."

तिने पहिल्या सांध्याचा फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. ते त्याच्याकडे परक्या वस्तूकडे बघावं तसं बघत राहिले.

"हा कुणाचा?"

"तुमचा."

त्यांनी मान हलवली. ओळख पटत नव्हती. मग फोटोवाली त्यांच्या खुर्चीशी खाली बसली. "डोळे मिटा," ती म्हणाली. "बोटांनी बघा."

बाबांनी डोळे मिटले. अंगठा हवेत उचलला आणि डावीकडून उजवीकडे नेऊ लागले, एखाद्या झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "इथून सुरुवात. खाली ओढ होती त्या दिवशी, म्हणून जरा वर चढलाय. मग सरळ, सरळ." अंगठा थांबला. "इथे कांडी संपली. नवी लावली. इथे बारीक उंचवटा असणार."

फोटोवालीने कागदाकडे पाहिलं. वळ्यांची ओळ आधी किंचित वर चढली होती, मग सरळ गेली होती, आणि जिथे अंगठा थांबला होता, बरोबर तिथे, एक बारीक उंचवटा होता.

"आहे, बाबा," ती म्हणाली. "उघडा डोळे."

त्यांनी डोळे उघडले आणि आपलं काम पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. सासूबाईही वाकून बघत होत्या. त्यांनी नाक ओढलं आणि खिडकीकडे बोट केलं.

"एवढा सुबक हात होता, तर माझ्या खिडकीचे गज असे का हो केलेत?"

बाबांनी फोटो सुनेच्या हातात परत दिला नाही. तो दोन्ही हातांनी छातीशी धरला.

"उजेडात मला कधी जमलंच नाही," ते म्हणाले. मग दाराशी जाऊन त्यांनी पायात चपला घातल्या. "चल पोरी. त्या नव्या वेल्डरला पिशवी कशी धरायची ते दाखवू."