धोंड्याचे जावई आणि आमची धमणी

बैलगाडी चालवायला लायसन लागत नाही. लागायला हवं, असं माझं अनुभवाअंती मत आहे.

त्या वर्षी अधिक महिना, म्हणजे आमचा धोंड्याचा महिना, भर उन्हाळ्यात आला. लेक रेणुका आणि जावई निखिलराव पुण्याहून पहिल्यांदाच धोंडे खायला पेडगावला येणार होते. जावयांनी फोनवर सहज विचारलं, "बाबा, गावात अजून बैलगाड्या आहेत का हो?"

झालं! परभणीच्या कचेरीत तीस वर्षं नुसत्या फायली हाकलेला मी एकदम गाडीवान झालो. "आहेत का म्हणजे? मी स्वतः स्टेशनवर घ्यायला येतो. धमणीतून!"

धमणी म्हणजे पाहुण्यांसाठीची हलकी, छपराची बैलगाडी. माझ्या लहानपणी वडील आत्याला आणायला तीच जुंपायचे. खाली कडबा, त्यावर गोधडी, पुढं घुंगरमाळांचा नाद आणि वडिलांच्या मांडीला टेकून बसलेला मी! आत्या येईपर्यंत मला झोप लागलेली असायची, आणि घुंगरांचा आवाज थांबला की जाग यायची.

आता ती धमणी गोठ्यामागं पडून होती. थोरला भाऊ ट्रॅक्टरवर शेती करतो, पण हौसेनं एक बैलजोडी ठेवलीय. तो म्हणाला, "बैल ने, पण आधी धोंडूमामाला गाडी दाखव."

धोंडूमामा आमच्या गावचे जुने सुतार. वय पंचाहत्तरच्या पुढं. त्यांनी चाकावर हातोडी वाजवली आणि डॉक्टरसारखा कान लावला.

"लाकूड आटलंय, मालक. वरची लोखंडी धाव ढिली झालीय. दोन रोज चाकं पाण्यात बुडवून ठिवा. लाकूड फुगलं की धाव गच्च बसंल."

पण मी आदल्याच दिवशी चाकांना शेंदरी ऑइलपेंट दिला होता! (स्वतःच्या हातानं. दोन हात.)

"मामा, पाण्यानं रंग खराब होईल की."

"गाडी रंगावर चालती का चाकावर?"

मी हसलो. मामा हसले नाहीत.

स्टेशनबाहेर आमची शेंदरी धमणी बघून जावयांनी आधी व्हिडिओच काढला. मी कासरा हातात घेऊन छाती काढून बसलो.

"बाबा, तुम्हाला नक्की येतं ना?" रेणुकानं हळूच विचारलं.

"अगं, रक्तात हाय आपल्या!"

रक्तातलं ते कालव्याच्या उतारापर्यंत टिकलं. तिथं खर्रर्र असा आवाज झाला आणि एक मोठ्ठं लोखंडी कडं आमच्या शेजारून ऐटीत पुढं निघून गेलं.

"बाबा, आपल्याला ओव्हरटेक करून काय गेलं?" जावयांनी अदबीनं विचारलं.

"काही नाही जावईबापू, होतं असं," मी म्हणालो. तेवढ्यात धाव गेलेल्या चाकाचे लाकडी तुकडे एकेक करून सुटले. धमणी उजवीकडं बसली. मी जावयांच्या मांडीवर, जावई रेणुकाच्या अंगावर, आणि रेणुकाच्या तोंडून पहिला शब्द "बाबाऽ!" बैल मात्र शांतपणे रवंथ करायलेत! आमच्या ताफ्यात आता शाबूत चाकं होती ती फक्त जावयांच्या बॅगेची.

पुढच्या लिंबाखालून कुणीतरी उठलं. धोंडूमामा! एका हातात आमची पळालेली धाव, दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी.

"लय लांब आली की! मला वाटलं, ठेसनातच बसंल."

"मामा, तुमी इथं?"

"सकाळधरनं बसलोय. मोडायची तं हायच, पण पाण्याजवळ मोडू दे म्हनलं."

कालव्याला उन्हाळी पाण्याची पाळी सुटली होती, हे माझं नशीब. मामांनी तुकडे जुळवले, धाव चढवली, पाचरी ठोकल्या. मग ते चाक पाण्यात धरायला जावई पँट दुमडून उतरले. ते विचारत होते, "मामा, याला काय म्हणतात? हे कुठलं लाकूड?" मामा सांगत होते. हे आरे, हा मधला तुंबा, ही बाभूळ. सांगता सांगता थांबले.

"हे चाक मी मालकाच्या वडलांसाठी बांधलं. तवा मला मिसरूड नव्हतं फुटलं. लय वर्सांत कुनी असं इचारलं न्हाई, जावईबापू."

मी कालव्याकडं बघत बसलो. दोन दिवस पाणी द्यायला माझं काय गेलं असतं?

दोन तासांनी मामांनी चाक बसवलं. "जाईल आता. पर सवारी हलकी पायजे. एक जन उतरा."

सगळ्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं.

"पण हाकणार कोण?"

"मी हाय की," मामा म्हणाले आणि चढले. जावई त्यांच्या शेजारी, रेणुका मागं. घुंगरं वाजवत धमणी काय डौलात निघाली! मी मागून, बॅग डोक्यावर, तोंडाला गमछा, अंगभर फुफाटा.

घरापाशी पोचलो तोवर आमच्या मंडळींनी लेकीजावयावरून भाकरतुकडा ओवाळून त्यांना आत नेलं होतं. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"भाऊ, ती बॅग ओसरीवर ठेवा आन् मागल्या दारी सावलीत बसा. चहा आणते."

तोंडावरचा गमछा मी काढला नाही. बॅग ठेवली आणि गुपचूप मागल्या दारी जाऊन बसलो. खरं सांगतो, एकतीस वर्षांच्या संसारात बायकोच्या हातचा इतका फक्कड चहा मला पहिल्यांदाच मिळाला!