सत्तावीस झाकणं

गुमरान रागावली की पिशवी भरायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. तेवढ्या काळात ती कितीदा घर सोडून गेली, याचा हिशेब फक्त बसच्या ड्रायव्हरकडे असेल. दाम्यांग शहराजवळच्या त्या गावातून बाहेर जायला दिवसाला एकच बस, सकाळी अकराची. तिला पाहून तो विचारायचा, "आज कायमचं का?"

"कायमचं," ती मान ताठ ठेवून म्हणायची.

संध्याकाळी परतीच्या बसला तोच असायचा. तेव्हा काही विचारत नसे.

घरामागच्या ओट्यावर मातीचे सत्तावीस रांजण होते. त्यांत मिठाच्या पाण्यात सोयाबीन मुरत असे, त्याचा स्वयंपाकात घालायचा काळा, खारट रस व्हायचा. सर्वांत जुना रांजण सासूबाईंच्याही सासूबाईंचा. त्यातला काळा रस कधी पूर्ण संपू द्यायचा नाही, दरवर्षी नवा घालून वाढवायचा. तो रांजण पुढे कोणाच्या हाती जाणार, गुमरानच्या की धाकटी जाऊ मालजाच्या, हे सासूबाईंनी अजून सांगितलं नव्हतं. गुमरानला तो हवा होता. फार हवा होता.

दोन वर्षांपूर्वी नवरा थेसिक म्हणाला, "सूप खारट झालंय."

"मग मी मेल्यावर गोड करून घे," म्हणत तिने पिशवी उचलली. सकाळी उन्हासाठी तिनेच रांजण उघडले होते. थेसिक शेतावर गेला, सासूबाई दवाखान्यात. दुपारी पाऊस आला. दोन रांजणांत पाणी गेलं.

परतताना तिने बसमध्येच उत्तरं तयार केली होती. रडणंही. आठवडाभरात रांजणांना वास सुटला, तेव्हा सासूबाईंनी डावाने ते गटारात रिकामे केले. गुमरान जवळ उभी राहिली. तिचं रडणं तसंच राहून गेलं.

मग त्या म्हणाल्या, "जायचं असलं तर जा गं. फक्त झाकणं लावून जा."

पुढच्या भांडणात तिने पहिलं झाकण आपटलं. दुसरं आपटता येईना, मातीचं होतं. नवव्यापर्यंत हात हळू झाला. अठराव्याला थेसिक नक्की काय म्हणाला, ते आठवेना. बस गेली. असं चार-पाच वेळा झालं. एकदा थंडी पडली, तेव्हा तिने पिशवीतला स्वेटर काढून घातला आणि मग पिशवी रिकामीच राहिली.

यंदा वसंतात मालजा आली. चुलीपाशी सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, रांजण मलाच द्या. ताईंचं काय, आज इथे, उद्या बसमध्ये."

सगळे हसले. थेसिकही हसला. गुमरानचे कान तापले. ती उठली. सगळ्यांचे डोळे खुंटीवरच्या पिशवीकडे गेले.

ती मागच्या दाराने ओट्यावर गेली. एक झाकण. दोन. एका हातात जुन्या रांजणाचा डाव घेऊन, काठी टेकत सासूबाई मागोमाग आल्या आणि पायरीवर बसल्या. सव्विसावं लावून गुमरान जुन्या रांजणापाशी पोचली.

"त्याला राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "चारपर्यंत ऊन आहे."

"मग मी?"

"ते लावल्याशिवाय कशी जाशील?"

गुमरान त्यांच्याशेजारी बसली. वळणावर बसचा भोंगा वाजला. तिने तिकडे पाहिलं नाही. म्हणाली, "आई, मालजा बोलली ते खोटं नव्हतं."

"नव्हतंच." सासूबाईंनी हातातला डाव तिच्या मांडीवर ठेवला. "जरा ढवळून बघ, तळाला मीठ धरलंय का."

चार वाजता तिने झाकण लावलं. डाव सासूबाईंनी परत मागितला नाही.