निबंधपटावरचे माझे भाषण

चित्रपटातला निवेदक जिथे गप्प बसला होता, तिथे मी बोललो. एकदा नाही, जवळजवळ अर्धी संध्याकाळ.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. गिरगावात आमचे एक लहानसे चित्रपट मंडळ होते. सभासद थोडे, वाद भरपूर. चिटणीस एक शाळामास्तर, त्यांना आम्ही सर म्हणत असू. परदेशी वकिलातींकडून ते छोटे चित्रपट मागून आणीत. त्यांत ना गोष्ट, ना गाणी. कुणी एक माणूस नदीकडे, पुलाकडे, नाहीतर नुसत्या रस्त्याकडे बघत आपल्याशीच विचार करतोय, एवढेच. सरांनी त्यांना नाव दिले होते निबंधपट. अशा निबंधपटांचा तीन संध्याकाळींचा महोत्सव ठरला, आणि सरांनी हट्ट धरला, की तो परळला, गिरण्यांच्या शेजारीच व्हायचा.

मंडळी हसली. "सर, निबंध शाळेतसुद्धा कुणाला आवडत नाही. तिथे कोण बघणार?"

शेवटी तडजोड झाली. पहिली संध्याकाळ परळला. लोक शेवटपर्यंत बसले, तर पुढच्या दोन्ही तिथेच. उठून गेले, तर रिळांच्या पेट्या गिरगावात परत, आणि सरांनी परळचे नाव पुन्हा काढायचे नाही. सरांनी ते कबूल केले खरे, पण नंतरचा आठवडा त्यांना धड जेवण गेले नसावे.

निवेदन इंग्रजीत, म्हणून ते मराठीत सांगायला कुणीतरी हवे होते. हात वर केला मी. सरांनी मला प्रत्येक चित्रपटाचे जेमतेम दीड पान लिहून दिले. "एवढंच वाचा. निवेदक थांबेल तिथे तुम्हीही थांबा."

दीड पान! त्या दिवसांत चौकाचौकात सभा. कोपऱ्यावरचा पानवालासुद्धा बोलायला उभा राहिला, की अर्धा तास खाली बसत नसे. असली भाषणे ऐकणारे परळकर या मुक्या चित्रांपुढे टिकतील कसे? सरांची अब्रू आता माझ्याच घशावर, असे मी परस्पर ठरवून टाकले.

व्यायामशाळेत सतरंज्या पसरल्या होत्या. पहिल्या पाळीची माणसे आंघोळी करून, धुतलेले सदरे घालून आली होती. बायका भिंतीच्या कडेने. पहिला चित्रपट नदीचा. नदी संथ वाहत होती, मी दुथडी भरून. शेवटी ती समुद्राला मिळाली आणि मी मुठी वळून ओरडलो, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!"

"झालाच पाहिजे!" सगळी व्यायामशाळा गरजली. त्या घोषणेला उत्तर न देणे तेव्हा कुणाला शक्यच नव्हते. मला मात्र ती माझ्या वक्तृत्वाला दाद वाटली. सर डोके धरून बसले होते. भारावले असतील, म्हटले.

दुसरा चित्रपट कुठल्याशा थंड देशातल्या कापडगिरणीचा. साच्यांची, म्हणजे यंत्रमागांची, लांबच लांब रांग, आणि एका साच्यापुढे मान जरा तिरकी करून उभा राहिलेला विणकर. निवेदक गप्प. मी कसला गप्प बसतोय?

"बंधूंनो! या कामगाराच्या डोळ्यांपुढे आत्ता उभी आहे दूर गावातली त्याची अर्धांगिनी..."

"ओ भाऊ, जरा गप ऱ्हवा!" पुढच्या सतरंजीवरचे एक पिकल्या मिशांचे विणकर उठून उभे राहिले. "तो बायकोचो इचार करना नाय. साच्याक कान लावन उभो आसा. तुमच्या बडबडीत आमका साचो आयकाक येना नाय."

"अहो, त्या खडखडाटात ऐकायचं काय?" मी विचारले.

हशा पिकला. भिंतीकडून एक बाई म्हणाल्या, "ऐकायचं काय, विचारतोय! धोटा मार खातोय, ठोका चुकतोय. एवढं पण कळत नाही?"

नव्हते कळत. तेवढ्यात आणखी चारपाच माणसे उठली. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती माणसे दाराकडे नाही, चित्रपट दाखवायच्या यंत्राकडे गेली.

"मास्तरांनू," विणकर सरांना म्हणाले, "पयल्यापासून लावा. ह्येंका वगळून."

रीळ उलटे गुंडाळून पुन्हा लावले. दीड पान सरांनीच वाचले, हलक्या आवाजात, आणि निवेदक थांबला तिथे थांबले. पडद्यावरच्या विणकराने मान तिरकी केली, तशा सतरंज्यांवरच्या कितीतरी माना तिरक्या झाल्या. मीही केली. मला खडखडाटच ऐकू आला. मग त्याने साचा थांबवला, वाकून सुताची कांडी इकडून तिकडे नेणारा धोटा काढला, बोटाने चाचपला, आणि अंधारातून कुणीतरी समाधानाने म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?"

चित्रपट संपला तरी कुणी उठेना. सरांनी घसा साफ केला. "उद्या... याल ना?"

"येतलव," पिकल्या मिशा म्हणाल्या. "ती समुद्राक मिळता ती न्हंय पण परत दाखवा, आज बघूचीच ऱ्हवली." मग माझ्याकडे हात केला. "पण उद्या ह्येंका भायर चपला राखूक बसवा."