मास्तरांच्या हातातले वीस गुण

इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथ मशीन शिकवणाऱ्या मास्तरांना मुलं पाठीमागे ‘मिलीमीटर’ म्हणायची. अर्धा मिलीमीटर चुकला तरी ते काम परत करायला लावत. पण सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाला गुण असे दिले नव्हते. ते प्राध्यापक मंडळींचं काम.

त्या वर्षी नियम बदलला. चौघांनी मिळून एक यंत्र करायचं आणि कुणी स्वतः किती काम केलं, याचे वीस गुण मास्तरांनी द्यायचे. यादी त्यांनी दोनदा वाचली. रुग्णाचा पलंग उचलणारा जॅक बनवणाऱ्या गटात त्यांचा सख्खा भाचा होता.

ते विभागप्रमुखांकडे धावले. “सर, हा गट दुसऱ्या कुणाला द्या.”

“दुसरं आहे कोण?”

भाचा यायचा, फोटो काढायचा, पसार व्हायचा. गटातली एक मुलगी मात्र रोज मशीनवर. जॅकचा स्क्रू तिनं दोनदा बिघडवला, तिसऱ्यांदा जमवला. मास्तर सगळं टिपून ठेवत होते. एका रात्री जेवताना ते बायकोला म्हणाले,

“कमी दिले तर ताई माझं तोंड बघणार नाही. जास्त दिले तर मीच आरशात बघणार नाही.”

“मग दाढी कशी करणार?” बायको म्हणाली. त्यांना हसूसुद्धा आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी पलंग निम्मा वर गेला आणि अडकला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी गुणांचा कागद पुढे ओढला. “यंत्र चालत नाही आणि या मुलीला अठरा? याला पाचच?”

“तो माझा भाचा आहे, मॅडम,” मास्तरांच्या तोंडून आधी तेच निघालं. “दोघांना विचारून बघा.”

का अडकलं, असं विचारल्यावर भाचा छताकडे बघू लागला. मुलगी गुडघ्यांवर बसून खाली वाकली. “वजन एका बाजूला येतंय, म्हणून स्क्रू वाकतोय. दुसऱ्या बाजूला आधार द्यायला हवा होता. माझ्या लक्षात आलं नाही.”

बाईंनी एकही आकडा न बदलता सही केली. वीसपैकी पाच म्हणजे नापास; भाच्याला प्रोजेक्ट पुन्हा करावा लागणार होता.

तीन दिवस ताईचा फोन नाही. चौथ्या दिवशी वाजला, तेव्हा मास्तरांनी तो पाचव्या रिंगला उचलला.

“मी तुझ्याशी बोलत नाहीये, निरोप सांगतेय,” ताई म्हणाली. “तो सुट्टीत तुझ्याकडे शिकायला येतो म्हणतोय.”

“आठ वाजता पाठव,” मास्तर म्हणाले.