मेश्रामबाईंचं जावक रजिस्टर

जिनिंग फॅक्टरीत कापसाचे तंतू किती झाडले तरी संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरवर पुन्हा पांढरा थर बसतोच. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचंही तसंच. एक सांगून संपवावा, तर त्याखाली दुसरा निघतो!

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. शाळा डेहराडूनला, कॉलेज बंगलोरला आणि शेवटची दोन वर्षं इंग्लंडात काढून मी आर्वीला परत आलो होतो. कंपनी सचोटीने चालली पाहिजे आणि ती आपल्याच गावात चालली पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं. आजही वाटतं. फॅक्टरीच्या मालकांनी, शेटजींनी, मला मॅनेजर केलं आणि मी पहिल्याच आठवड्यात ईमेलचे सात नियम टाइप करून भिंतीवर चिकटवले. दुसऱ्याची मेल वाचू नये. पासवर्ड कोणाला सांगू नये. अनोळखी अटॅचमेंट उघडू नये. असे सात.

कापसाची प्रत ठरवणारे राऊतभाऊ आमचे ग्रेडर. त्यांनी नियम शांतपणे वाचले आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"इंग्लंडवरून आला न हा? सहा महिन्यांत पळते, लिहून घ्या!"

मी हसलो. पण रात्री झोपताना ते वाक्य आठवलं. आपण खरंच टिकू का, हे मलाही माहीत नव्हतं.

*

पासवर्ड कागदावर लिहायचा नाही, असा नियम होता. राऊतभाऊंनी तो तंतोतंत पाळला. त्यांनी पासवर्ड गोडाऊनच्या कोपऱ्यातल्या कापसाच्या गाठीवर शाईने लिहिला!

"कागदावर कुठं लिवला?" ते म्हणाले. "अन् गाठीले कोण वाचते?"

दोन दिवसांनी ती गाठ ट्रकमध्ये चढून तमिळनाडूला गेली. भाऊंचं लॉगिन बंद. आठवड्याने तिथल्या सूतगिरणीची मेल आली: गाठीवर 'सोनाली ७७' लिहिलंय, ही कोणती नवी प्रत?

शेटजी म्हणाले, "विचारा त्याईले, पसंत असन तर अजून पाठवतो!"

*

मेल बघायचं काम मेश्रामबाईंकडे. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला बांधलेला, आणि आवक-जावक रजिस्टरवर वीस वर्षांचा हात. अकरा वाजता आणि चार वाजता त्या मोडेम जोडायच्या. किर्र, खर्र, किर्र! आलेली प्रत्येक मेल प्रिंट करून तिला आवक नंबर द्यायच्या.

एकदा 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' अशा विषयाची इंग्रजी मेल तीन वेळा आली. सोबत व्हायरस. बाईंनी अटॅचमेंटला हात लावला नाही. नियम पाचवा! पण आलेली मेल ती आलेली मेल. रजिस्टरमध्ये त्यांनी नोंद केली: 'विषय – प्रेम. प्रती तीन. कार्यवाहीसाठी – शेटजी.'

शेटजींनी लाल शाईने शेरा मारला: 'चर्चा करावी.'

*

शेटजींचे जावई स्वतः कापसाचा व्यापार करायचे. एका दुपारी येऊन बसले आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बाई, गिरणीले काय भाव पाठवला, ती मेल दाखवा जरा."

जावयाला नाही म्हणायचं कोणी?

"चहा घ्या जावईबापू," बाई म्हणाल्या. "पोहे आणवते. चहा-पोहे घरचे हाय. मेल कंपनीची हाय."

जावईबापू चहा न घेताच उठले. केबिनच्या पडद्यामागे शेटजी होते, हे आम्हाला नंतर कळलं. मग एक दिवस ते मला म्हणाले, "जावई तीन महिन्यांपासून आला नाई." मी अपराधी चेहरा केला.

"बाई लय अच्छी हाय!" शेटजी म्हणाले.

*

चौथा नियम: कंपनीच्या लाइनवरून खासगी मेल पाठवायची नाही. पत्ता आमच्या ग्राहकांच्या यादीत नसेल, तर पाठवणाऱ्याने फॉर्मवर सही करायची. फॉर्म मीच छापून घेतला होता. एकच ओळ: 'सदर मेल कंपनीच्या कामाची आहे.'

पहिले अडकले शेटजी. भाच्याला वाढदिवसाची मेल पाठवायची होती. बाईंनी फॉर्म पुढे केला. शेटजींनी तो दोनदा वाचला, टोपी घातली आणि एसटी डेपोसमोरच्या सायबर कॅफेत कॉलेजच्या पोरांमागे लाइनीत उभे राहिले.

तासाभराने खूश होऊन परतले. "तिथं ठंडा भी भेटते!"

*

सहा महिने गेले, दोन वर्षं गेली. राऊतभाऊंनी मुदत वाढवत नेली. मग बंगलोरच्या एका मोठ्या कंपनीतून मला बोलावणं आलं. उत्तर त्याच दिवशी हवं होतं.

त्या आठवड्यात वीज तीन दिवस गायब होती आणि गिरणीशी भांडण झालं होतं. मी खूप थकलो होतो. जेवणाच्या सुट्टीत माझ्या कॉम्प्युटरवर दोन ओळी लिहिल्या: 'मी येतो. पुढच्या महिन्यात रुजू होईन.' मेल पाठवायच्या रांगेत टाकली आणि चार वाजायची वाट बघत बसलो.

चारला मोडेम वाजलं नाही. बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"साहेब, तुमची एक मेल हाय. पत्ता यादीत नाई."

"तुम्ही वाचलीत?"

"नियम पहिला," त्या म्हणाल्या. "तुमीच लिवला न जी?"

आणि फॉर्म समोर ठेवला. "सही करा, आता पाठवते."

मी पेन उघडलं. ती एक ओळ वाचली. पुन्हा वाचली. दारात राऊतभाऊ हातात कापसाचा नमुना घेऊन उभे होते.

"डेपोसमोर कॅफे हाय," बाई हळूच म्हणाल्या. "तिथं सही नाई मागत."

मी गेलो. कॅफेत खुर्ची रिकामी होती. बाहेर नागपूरची गाडी लागली होती. मी एक ठंडा प्यायलो आणि परत आलो.

बाई पिशवी खांद्याला लावून थांबल्या होत्या. रजिस्टर उघडंच होतं. माझ्याकडे एकदा पाहून त्यांनी लिहिलं: 'जावक ३१२. सही प्रलंबित.'

मग मोडेम जोडून बाकीच्या मेल पाठवल्या.

पुढे बाई रिटायर झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी रीतसर चार्ज दिला. किल्ल्या, शिक्के, रजिस्टरं. यादीच्या तळाशी लिहिलं होतं, 'प्रलंबित बाबी: एक.'

बाईंनी चष्मा लावला, जुन्या फायलीतून पिवळा पडलेला फॉर्म काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

"मग साहेब, करता का सही?"