बबनभाऊंची झोप आणि तिसरी डिस्क

“नसंल निघत व्हिडिओ, तं पुन्हा लग्न लावू,” हिवरखेडचे वधूपिता शांतपणे म्हणाले. “नवरदेव घरीच हाये. मांडव अन् जेवण तेवढं तुमच्याकडून.”

अकोल्यातल्या त्या फोटो स्टुडिओत मी फरशीवर बसून सर्व्हर उघडत होतो. मालक बबनभाऊ कूलरसमोर उभे राहूनही घामाघूम होते. लग्नाचं सगळं शूटिंग याच सर्व्हरवर. कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या लग्नाला गेलेली. बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढणं हा माझा धंदा, म्हणून मला अमरावतीहून बोलावलेलं.

सर्व्हरमध्ये चार डिस्क होत्या. या रचनेला रेड म्हणतात. एक डिस्क मेली, तर उरलेल्या तिघी मिळून तिचा मजकूर नव्या डिस्कवर लिहून काढतात. हे रिबिल्ड. इथे एक मेली, भाऊंनी नवी बसवली आणि रिबिल्ड एकाहत्तर टक्क्यांवर अडलं. तिसऱ्या डिस्कवरची एक बारीकशी जागा वाचताच येईना. ती केव्हाच खराब झाली असणार. पण तिथली फाइल कोणी उघडलीच नाही, तर कळणार कसं? म्हणून सर्व्हर महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क आपणहून वाचून बघतो. चौघी जिवंत असताना अशी जागा सापडली, की तिथल्या तिथे दुरुस्त होते. याला स्क्रबिंग म्हणतात. इथे ते बंद होतं.

“काहून बंद केलं, भाऊ?”

“दुपारी दोनले सुरू व्हायचं. नुसती करकर. मले झोपच लागत नव्हती.”

“टायमिंग बदलायचं ना.”

“झोपेतून उठलेल्या माणसाले टायमिंग सुचते का?”

वधूपित्यांनी मान डोलावली. या मुद्द्यावर दोघांचं एकमत होतं.

मी तिसऱ्या डिस्कची नक्कल काढली, तेवढी खराब जागा सोडून. मग नकलेवरून रिबिल्ड लावलं. आता ते अडणार नव्हतं. पण ती जागा ज्या फाइलची, ती फाइल मोडणार होती. कोणती, ते शेवटीच कळणार. बबनभाऊंच्या पत्नी शोभावहिनी चहा घेऊन आल्या, त्या थांबल्याच.

हिवरखेडचं लग्न निघालं. अक्षता, पंगत, बँडसमोर नाचता नाचता पडलेले मामा, सगळं शाबूत.

“पुन्हा लावलं असतं,” वधूपिता जरा हिरमुसून म्हणाले, “तं मामाले बोलावलंच नसतं.”

मोडलेली फाइल एकच होती. मी नाव वाचलं. ‘बबन-शोभा विवाह’.

वहिनींनी ट्रे खाली ठेवला. “कधी खराब झालं हे?”

“सांगता येत नाही, वहिनी. उघडल्याशिवाय कळत नाही.”

“तुमी कधी उघडलं होतं हो?”

बबनभाऊंनी कूलरचा वेग वाढवला.

स्क्रबिंग आता महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनलाच चालतं. वेळ बदलायला वहिनींची परवानगी नाही. करकर सुरू झाली, की भाऊंना सर्व्हरशेजारी बसून स्वतःच्या लग्नाचा व्हिडिओ पूर्ण बघावा लागतो. सप्तपदीत चौथ्या पावलावर, त्या खराब जागेशी, चित्र अडकतं. तेवढा वेळ वहिनी त्यांच्याकडे बघतात.

मी गिऱ्हाइकांना सांगतो, स्क्रबिंग बंद करू नका. करायचंच असेल, तर आधी घरचं लग्न दुसरीकडे कॉपी करून ठेवा.