खुंटी काढलेली खुर्ची

हा सुतार अंगानं अघळपघळ आणि एका पायानं लंगडा. दारातून आधी पोट यायचं, मग तो, आणि लंगडा पाय सवडीनं. हे वर्णन त्याचं त्यानंच केलेलं. कुणी तोंड उघडायच्या आत तो स्वतःला हसून मोकळा व्हायचा. म्हणायचा, "लोक हसणारच, मग पहिला मान आपला."

दिवसा तो कपाटं बनवी, संध्याकाळी हौशी नाटकमंडळीत काम करी. काम काय, तर खुर्चीवर बसायचं. खुर्ची त्याच्याच हातची. मागच्या पायातली खुंटी काढली की नुसतं टेकलं तरी पाय निखळायचा आणि सुतार धाडकन खाली. नाटक वकिलाचं असो की भुताचं, हा प्रवेश हवाच. खुंटी काढायचं काम त्याच्या मेहुण्याकडे.

पण सुताराला मनातून बाप व्हायचं होतं. घरी होताच, रंगमंचावर व्हायचं होतं. नव्या नाटकात मुलगा गमावलेल्या बापाचं काम होतं, ते त्यानं मागितलं.

दिग्दर्शक म्हणाले, "अरे, दुःखी माणूस एवढा जाड असतो का? लोक म्हणतील, मुलाच्या वाटणीचंही हाच जेवला."

सगळे हसले. सुतार सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि घरी जाऊन न जेवता आडवा झाला.

"एका रात्रीत बारीक होणार आहात का?" बायकोनं विचारलं.

पुढे ऐन प्रयोगाच्या दिवशी बापाचं काम करणाऱ्याचा घसा बसला. संवाद पाठ फक्त सुताराला.

तो लंगडत रंगमंचावर आला तसे प्रेक्षक खुशीत आले. पुढच्या रांगेतून कुजबुज ऐकू आली, "बघ, आता बसेल." खुर्चीत बसून रडायचं होतं. तो वळला, तर पडद्याआड मेहुणा उभा. नेहमीच्या इमानानं खुंटी काढून, हातात नाचवत.

सुताराच्या पोटात गोळा आला. गोळ्याला तिथं जागा भरपूर. बसावं तर बाप संपला, उभं राहावं तर पाय लटपटतोय. त्यानं खुर्चीच्या पाठीला जपून हात लावला आणि म्हणाला, "ही त्याची खुर्ची. हिच्यावर कुणी बसायचं नाही."

अख्खा प्रवेश तो उभ्यानं बोलला. पाय थरथरत होता, तो दुःखानं असंच लोकांना वाटलं. कुणी हसलं नाही. मागे कुणीतरी नाक ओढलं.

पडदा पडला तसे दिग्दर्शक धावत आले. "ते वाक्य नाटकात कुठं होतं?"

"मेहुण्याच्या हातात."

मेहुणा रडवेला झाला होता. "दाजी, तुम्ही म्हटल्यावर पडणारच, असं वाटलं हो."

"मलाही तसंच वाटत आलंय. दे इकडे."

दिग्दर्शक घसा खाकरून म्हणाले, "यापुढे बाप तूच."

सुतारानं खुंटी ठोकून बसवली आणि खुर्चीत अंग सोडून दिलं. मंडळी श्वास रोखून बघत राहिली. खुर्चीनं हूं की चूं केलं नाही. कुणी हसेना, तशी त्याला चुटपुट लागली.

"काय रे," तो म्हणाला, "बारीक झालो की काय मी?"